क्रूझवरचं थँक्सगिव्हिंग: पार्श्वभूमी

मेफ्लॉवर जहाज १६२० मध्ये १०२ प्रवासी घेऊन ६६ दिवसांनी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढच्या वर्षी सुगीची ती प्रसिद्ध पंगत बसली, जिच्यापासून अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग हा सण आला असं मानतात. सणाच्या मुळाशीच समुद्रप्रवास, म्हणून क्रूझवरच्या थँक्सगिव्हिंगचं नातं थेट तिथे जोडायचा मोह होतो. पण ते नातं ओढूनताणून आणलेलं आहे. आजच्या या सहलींना आकार दिला तो १९३९ साली तारखेवरून झालेल्या भांडणाने.

१८६३ पासून सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी होत असे. त्याला कायद्याचा आधार नव्हता. दरवर्षी राष्ट्राध्यक्ष जाहीरनामा काढायचे. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला. नाताळची खरेदी सणानंतर सुरू व्हायची, म्हणजे हातात जेमतेम साडेतीन आठवडे. मंदीने पोळलेल्या दुकानदारांनी गळ घातली आणि ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सण २३ तारखेवर आणला. तोवर कॅलेंडरं छापून झाली होती, महाविद्यालयांचे फुटबॉल सामने ठरले होते. मग राज्याराज्यांनी आपापलं ठरवलं. साधारण निम्म्यांनी २३ तारीख धरली, जवळपास तेवढीच राज्यं ३० ला चिकटून राहिली, टेक्सासने दोन्ही दिवस पाळले. मुलगा एका राज्यात, आईवडील दुसऱ्या राज्यात असतील तर एकत्र जेवायचं कधी, हा साधा प्रश्न तीन वर्षं लोकांना छळत राहिला. खरेदीत म्हणावी तशी वाढ झाली नाही, ती नाहीच. अखेर २६ डिसेंबर १९४१ रोजी कायद्यावर सही झाली: नोव्हेंबरचा चौथा गुरुवार.

‘शेवटचा’ जाऊन ‘चौथा’ आला, एवढाच शब्दाचा फरक. पण त्यामुळे सण कायमचा २२ ते २८ तारखांच्या आत बसला. क्रूझचं वेळापत्रक दीड-दोन वर्षं आधी विक्रीला येतं. हलत्या तारखेवर तो व्यवसाय उभा राहिला नसता. (कॅनडाचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं. ‘थँक्सगिव्हिंग क्रूझ’ म्हणताना ते सहसा कुणाच्या डोळ्यासमोर नसतं.)

हौसेखातर बोटीने फिरण्याची चटक अमेरिकनांना दारूबंदीच्या काळातच लागली होती, कारण परदेशी झेंड्याच्या बोटींवर हद्दीबाहेर गेलं की पेला भरता यायचा. १९५८ पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली तशी प्रवासी बोटींची सद्दी संपली आणि साठच्या दशकाअखेर मायामीहून कॅरिबियनच्या सहलींनी जोर धरला. नोव्हेंबर त्यांना सोयीचा. अलास्का आणि भूमध्य समुद्रातली जहाजं तोवर कॅरिबियनमध्ये उतरलेली असतात, वादळांचा हंगाम ३० तारखेला संपायला आलेला असतो आणि बऱ्याच शाळांना आठवडाभर सुट्टी असते.

१८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी जहाजाला प्रवाशांची अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नुसती ने-आण करता येत नाही. त्याच बंदरात परत येणाऱ्या सहलीलाही मध्ये बहामाचं नसाऊ किंवा मेक्सिकोचं कोझुमेल असं एखादं परदेशी बंदर लागतं, आणि अमेरिकेचा सगळ्यात घरगुती सण बहामा किंवा पनामाच्या झेंड्याखाली साजरा होतो.

त्या सणाचं जेवण शिजवतात दुसरेच. या पंगतीतला मुख्य पदार्थ म्हणजे टर्की हा पक्षी. दहा किलोच्या गोठलेल्या टर्कीचा बर्फ शीतगृहात वितळायला चार-पाच दिवस लागतात. शनिवारी मायामीतून नांगर उचलला की त्याच संध्याकाळी ती फ्रीझरमधून बाहेर काढावी लागते, तेव्हा कुठे गुरुवारी भट्टीत जाते. मांसाच्या आत सुई खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय ताट बाहेर जात नाही. ती सुई धरणारे हात कितीदा तरी गोव्याचे किंवा मुंबईचे असतात. गोव्याचे स्वयंपाकी एकोणिसाव्या शतकापासून बोटींवर आहेत. सहा-नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टमध्ये त्यांची स्वतःची दिवाळी किंवा नाताळ बहुधा समुद्रावरच जातो. या सणाच्या इतिहासात त्यांना एक ओळही मिळत नाही, हे मला खटकतं.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतून क्रूझ बंद झाल्या. त्या एप्रिलमध्ये भारतीय कर्मचारी मुंबईच्या किनाऱ्यासमोर बोटीवर अडकून होते. घर दिसायच्या अंतरावर, पण उतरायची परवानगी नाही. नियम बदलल्यावरच ते खाली आले. २६ नोव्हेंबर २०२० च्या गुरुवारी कॅरिबियनच्या त्या मोठ्या जहाजांवर पंगत बसली नाही. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या बंदरांतून मोठी जहाजं पुन्हा सुटू लागली आणि त्या वर्षी २५ नोव्हेंबरला टर्की परत भट्टीत गेली.