शेतात जांभूळ, आवळा, कोकम लावायचंय? फुंडकर फळबाग योजनेचा अर्ज असा करा

हवामान बदलाला उत्तर म्हणून झाडं लावा, असं सगळेच सांगतात. पण शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो खड्ड्यांचा आणि रोपांचा खर्च कोण देणार. महाराष्ट्रात त्यासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. राज्य सरकारने ती 2018-19 मध्ये सुरू केली. रोजगार हमीच्या फळबाग योजनेत जे बसत नाहीत, त्यांच्यासाठी ही वाट आहे.

लाभ फक्त वैयक्तिक शेतकऱ्याला मिळतो. संस्था, ट्रस्ट, कंपनी यांनी अर्ज करून उपयोग नाही. सातबारा स्वतःच्या नावावर हवा. सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतिपत्र लागतं आणि सातबाऱ्यावर कुळाचं नाव असेल तर कुळाचंही. वनहक्क कायद्याखाली जमीन मिळालेल्यांनाही अर्ज करता येतो. क्षेत्राची मर्यादा कोकणात 10 गुंठे ते 10 हेक्टर, उर्वरित महाराष्ट्रात 20 गुंठे ते 6 हेक्टर. या मर्यादेत एकाहून जास्त फळपिकं घेता येतात.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, आधी काढून ठेवा. त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. लॉगिन करून फलोत्पादन घटकात योजना निवडा, पीक आणि क्षेत्र भरा आणि 23 रुपये 60 पैसे शुल्क भरून अर्ज सादर करा. सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं, हमीपत्र आणि अनुसूचित जाती-जमातीतून अर्ज करत असाल तर जातीचा दाखला, एवढं हाताशी असू द्या. आधार, सातबारा आणि पासबुकावरची नावं एकमेकांशी जुळतात का ते अर्जाआधीच पाहा. आडनावातल्या एका अक्षराच्या फरकानेही काम रेंगाळतं.

निवड झाल्यावर पूर्वसंमती मिळते. ती हातात येईपर्यंत खड्डा खणू नका, आधी केलेल्या लागवडीला अनुदान मिळत नाही. रोपं शासकीय किंवा कृषी विद्यापीठाच्या नाहीतर परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपा.

पीक निवडताना मात्र जरा थांबा. यादीत काजू, पेरू, चिकू, सीताफळ आहेत; ती आपल्याकडे रुळलेली असली तरी मूळची अमेरिका खंडातली. चिंचही फार पूर्वी आफ्रिकेतून आलेली. जांभूळ, आवळा, फणस, कोकम आणि आंबा मात्र इथलेच. यातली मोठी होणारी झाडं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात. लाकडाच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, त्यामुळे झाड जितकं मोठं आणि दीर्घायुषी तितका जास्त कार्बन ते धरून ठेवतं. माझं मत विचाराल तर सगळं क्षेत्र एकाच पिकाखाली घालू नका. कोकणात कोकम-फणस आणि देशावर जांभूळ-आवळा अशी जोडी लावा.

योजना 100 टक्के अनुदानाची म्हणतात, पण जमीन तयार करणं, खत-मातीने खड्डे भरणं, आंतरमशागत आणि कुंपण या गोष्टी शेतकऱ्याच्याच अंगावर असतात. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी बँक खात्यात जमा होतं. दुसऱ्या हप्त्यासाठी किमान 80 टक्के आणि तिसऱ्यासाठी 90 टक्के झाडं जिवंत हवीत.

हे आकडे नीट वाचा. 20 गुंठ्यांत दहा बाय दहा मीटर अंतराने साधारण 20 झाडं बसतात. दुसऱ्या वर्षी 16 जगली तरी हप्ता मिळेल, पण तिसऱ्या वर्षी 18 दाखवावी लागतील. म्हणजे मेलेल्या चारपैकी किमान दोन जागी नांग्या भराव्याच लागतात, म्हणजे नवी रोपं लावावी लागतात, आणि प्रमाण घटलं तर ती रोपं स्वखर्चाने आणायची. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात चार-पाच रोपं जादा आणून सावलीत पिशवीत वाढवत ठेवा. दुसऱ्या वर्षी नवं रोप शोधत फिरण्यापेक्षा त्याच वयाचं रोप लावलेलं बरं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक आळ्यावर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा, मर बरीच कमी होते.

लागवड झाली की ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवण्याच्या मोबाइल अ‍ॅपवर, तिची नोंद करा. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) पाहणीला येतील तेव्हा सातबाऱ्यावर फळझाडं दिसली तर पुढचे प्रश्न कमी होतात.