रिकाम्या कॅनमधली वीज

शीतपेयाचा रिकामा कॅन तळहातावर ठेवला तर वजन जाणवतही नाही, जेमतेम १४ ग्रॅम भरतो. पण तेवढं ॲल्युमिनियम मिळवायला जी वीज लागली, तिच्यावर ९ वॉटचा एलईडी दिवा वीसेक तास चालला असता.

एवढी वीज का लागते? ॲल्युमिनियम ऑक्सिजनला फार घट्ट धरून असतं. लोहखनिजासारखं कोळशाबरोबर भट्टीत घालून ते मोकळं होत नाही. बॉक्साइट या खनिजापासून आधी ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, काढायचं, मग सुमारे ९५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात ते विरघळवायचं आणि त्यातून प्रचंड वीजप्रवाह सोडायचा, तेव्हा धातू तळाशी जमतो. किलोमागे साधारण १४ युनिटं खर्ची पडतात, आणि आपल्याकडची बहुतेक वीज कोळशाची. शिवाय एक टन धातूसाठी चार-पाच टन बॉक्साइट खणावं लागतं, आणि मागे कॉस्टिकमिश्रित लाल चिखल उरतो. कोल्हापूरकडे राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यांवर हे खनिज सापडतं. जांभ्याच्या ज्या सड्यांवर पावसाळ्यात रानफुलं फुलतात, त्याच सड्यांच्या पोटात.

तोच कॅन पुन्हा वितळवायला ६६० अंश पुरतात. ऑक्सिजनशी झालेली झटापट आता पुन्हा करायची नसते. म्हणून सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पुनर्वापराचा खरा फायदा मला इथे दिसतो: कचरा डेपोवरची जागा वाचते हे खरंच, पण त्याहून मोठी बचत दूरच्या खाणीत आणि वीजकेंद्रात होते. पोळ्यांची फॉइल मात्र फार पातळ असते, सुटी भट्टीत गेली की तिचा बराच भाग जळून जातो. ती पुसून, बरीचशी एकत्र करून घट्ट गोळा केला तर धातू हाती लागतो.

काचेचं गणित इतकं मोठं नाही, तरी फुटक्या काचा मिसळल्या की भट्टीला कमी इंधन लागतं. प्लॅस्टिकबद्दल सरसकट बोलण्यात अर्थ नाही. पाण्याच्या बाटलीपासून पॉलिएस्टरचा धागा होतो, दुधाची पिशवीही चांगली वितळते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, कारण तो नखाएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांत मात्र वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही.

कागदाचे तंतू पाच-सात वेळा लगदा होऊन पुन्हा कागद होऊ शकतात, दर खेपेला थोडे आखूड होत जातात. पण रद्दीवर आमटी सांडली की ते आयुष्य तिथेच संपतं. तेलामुळे तंतू एकमेकांना धरत नाहीत, आणि ओला गठ्ठा दोन दिवसांत कुजायला लागतो. एका वाटीभर उष्ट्याने आठवड्याची रद्दी वाया जाते.

तेच उष्टं डेपोच्या ढिगाखाली गाडलं गेलं की हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातून मिथेन तयार करतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. ढिगातून झिरपणारं काळं पाणी विहिरींत उतरतं ते वेगळंच. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेललेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी हे भोगलं आहे. बाल्कनीतल्या कुंडीत, वाळलेल्या पानांच्या थरांमध्ये तेच उष्टं टाकलं आणि अधूनमधून वरखाली केलं, तर हवा खेळती राहते. मिथेनऐवजी खत होतं आणि वासही मातीचा येतो.

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि तिच्या सभासद दारोदार कचरा घ्यायला येऊ लागल्या. सुका माल निवडून विकण्याचा हक्क त्यांचा, आणि त्यांच्या कमाईचा मोठा वाटा त्यातूनच येतो. दारात मिसळलेला डबा आला की त्या हाताने उपसतात: डायपर, फुटकी काच, आंबलेला भात. खाली दडलेला १४ ग्रॅमचा कॅन वर काढून कपड्याला पुसतात आणि वेगळ्या पोत्यात टाकतात.