गट सोडल्यावर जुने व्यापार करार कसे बदलतात? ब्रिटनची पद्धत, पात्रता आणि लागणारे कागद

एकत्र कुटुंबात वाण्याकडचं खातं थोरल्याच्या नावावर असतं. धाकट्याने वेगळी चूल मांडली की उधारीचं नव्याने बोलून घ्यावं लागतं. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला तेव्हा नेमकं हेच झालं. जपान, कॅनडा, दक्षिण कोरिया, चिली यांच्याशी झालेले व्यापार करार ब्रिटनचे नव्हतेच. ते संघाचे होते, कारण सभासद देशाला असा करार परस्पर करता येत नाही.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला, पण ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमण काळ होता. तोवर ब्रिटनला सभासदच धरावं, असं संघाने भागीदार देशांना कळवलं होतं. या काळात ब्रिटनला स्वतःचे करार बोलायची आणि सही करायची मुभा होती, ते लागू करायची मात्र नव्हती.

कोणता करार पुढे नेता येतो?

आधी संघाचा करार अस्तित्वात असेल तरच. भारताच्या बाबतीत इथेच गोंधळ होतो. भारत आणि संघाची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये थांबली. ब्रिटन बाहेर पडला तेव्हा करारच नव्हता, मग पुढे काय नेणार? भारतीय मालाला मिळत होती ती विकसनशील देशांसाठीची एकतर्फी शुल्कसवलत. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून तशीच स्वतःची योजना चालू केली आणि १९ जून २०२३ पासून तिच्या जागी नवी आणली. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेला भारत-ब्रिटन करार हा संघाच्या जुन्या कराराच्या जागी आलेला बदली करार नव्हे, तो पूर्णपणे नवा आहे.

मसुदा आणि मंजुरी

मसुदा बऱ्याचदा चक्रावून टाकण्याइतका छोटा असतो. ‘संघाचा अमुक करार पुढील फेरफारांसह आम्हा दोघांना लागू’ असं लिहायचं आणि खाली फेरफारांची यादी जोडायची. मग तो ब्रिटिश संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवला जातो, सोबत जुन्या करारापेक्षा काय बदललं याचा अहवाल असतो. वेळ नसेल तर दोन्ही बाजू तात्पुरता अंमल मान्य करतात.

कागदावर एवढंच. तरी घानाशी करार व्हायला २ मार्च २०२१ उजाडला, आणि मधल्या दोन महिन्यांत तिथल्या केळ्यांवर ब्रिटनमध्ये टनाला ९५ पौंड शुल्क लागू झालं. तुर्कस्तानची अडचण निराळी. त्याचं संघाशी सीमाशुल्क एकत्रीकरण आहे, म्हणजे बाहेरच्या मालावर दोघांचं शुल्क बहुतांशी एकच, त्यामुळे ब्रिटन आणि संघाचं जमेपर्यंत त्याला हलताच येईना. ते २४ डिसेंबर २०२० रोजी जमलं, तुर्कस्तानची सही २९ तारखेला झाली.

कोट्याची वाटणीही कॉपी-पेस्ट करून होत नाही. न्यूझीलंडच्या मेंढीच्या मांसाला संघात सुमारे २ लाख २८ हजार टनांचा सवलतीचा कोटा होता. तो संघ आणि ब्रिटनमध्ये निम्मा-निम्मा केला. बेरीज तीच, पण आधी जिकडे मागणी तिकडे माल पाठवता यायचा, ती सोय गेली. न्यूझीलंड कुरकुरला ते माझ्या मते रास्तच होतं.

खरी मेख: माल मूळचा कुठला?

सवलत मिळते ती करारातल्या देशात बनलेल्या मालाला. ब्रिटन संघात असताना जर्मन सुटा भाग घालून बनवलेलं ब्रिटिश यंत्र कॅनडात बिनधास्त संघाचं म्हणून जायचं. बाहेर पडल्यावर तो भाग परका ठरला. म्हणून बहुतेक बदली करारांत संघातला मालही ब्रिटनचाच धरून मोजायची सूट ठेवली. कॅनडाच्या करारात ती मुदतीची होती आणि २०२४ च्या एप्रिलपासून बंद झाली.

खुद्द संघाशी झालेल्या करारातही हीच मेख आहे. शून्य शुल्क म्हणून जाहिरात झाली, पण भारतात शिवलेला टी-शर्ट ब्रिटनच्या गोदामातून आयर्लंडला गेला तर त्यावर १२ टक्के शुल्क लागतं. तो ना ब्रिटनचा, ना संघाचा.

लागणारे कागद

ब्रिटनमधून संघात माल पाठवणाऱ्याला ‘जीबी’ने सुरू होणारा ईओआरआय क्रमांक (सीमाशुल्क खात्याकडचा व्यापाऱ्याचा क्रमांक), मालाचा एचएस कोड (जागतिक वर्गीकरणातला क्रमांक) आणि इन्व्हॉइसवर मूळ देशाची घोषणा लागते. संघाकडून ६,००० युरोंवरचा माल येत असेल तर तिकडच्या निर्यातदाराकडे रेक्स नोंदणी (मूळ देशाची घोषणा स्वतः करणाऱ्या निर्यातदाराची नोंद) हवी. घोषणा १२ महिने चालते. सवलत मागायची राहून गेली तर आयातीपासून तीन वर्षांत परतावा मागता येतो. आयातदाराने कागद तीन वर्षं जपायचे, निर्यातदाराने चार.

आपल्या द्राक्षवाल्यांसाठी

नाशिकचा कंटेनर न्हावाशेवाहून निघतो, नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि काही पेट्या तिथून पुढे ब्रिटनला जातात. २०२१ च्या आधी एकदा ड्युटी भरली की पुढचा रस्ता मोकळा होता. आता रॉटरडॅमला माल सोडवून घेतला की तिथली ड्युटी भरायची आणि ब्रिटनमध्ये पुन्हा भरायची. द्राक्षं भारतीय, त्यामुळे संघ-ब्रिटन कराराची सवलत त्यांना नाही. उपाय आहे: ब्रिटनच्या पेट्या तिथे सोडवू नका, कस्टमच्या ताब्यातच ‘टी१’ ट्रान्झिटवर (तिथली ड्युटी न भरता माल पुढे नेण्याची सोय) पुढे न्या. हे जहाज निघण्याआधीच एजंटला सांगायला हवं.

मूळ देशाचा पुरावाही दोन्हीकडे वेगळा. संघाच्या एकतर्फी शुल्कसवलतीच्या योजनेत रेक्स क्रमांकासह निवेदन द्यावं लागतं. ब्रिटनच्या योजनेत फॉर्म ए (मूळ देशाचा ठरावीक दाखला) किंवा इन्व्हॉइसवरची घोषणा चालते. मागच्या हंगामातलं इन्व्हॉइस उघडून फक्त तारीख बदलण्याची सवय आपल्याकडे फार, आणि मग रेक्सचा मजकूर ब्रिटनच्या कागदावर तसाच राहतो. एकाच कंटेनरमधून माल दोन्हीकडे जाणार असेल तर इन्व्हॉइस दोन, पॅकिंग लिस्ट दोन, फायटोही (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला) दोन घ्या, आणि ब्रिटनच्या पेट्या दाराजवळ लावा.