घड्याळ मागे नेलं, हे सॉफ्टवेअरला कळतं कसं?

१ एप्रिल, सकाळचे ११ वाजून २० मिनिटं. समजा, नागपुरात इतवारीतल्या एका ठोक दुकानात ३१ मार्चचं एक बिल राहून गेलंय. कोणीतरी कम्प्युटरची तारीख मागे नेतं, बिल काढतं आणि तारीख पुन्हा जागेवर आणून ठेवतं. कागद बिनचूक दिसतो. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर उभंच तारखेवर असतं. कोणती नोंद कधी बदलली याची खूण सॉफ्टवेअरने ठेवलीच पाहिजे, असा नियम कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ही खूण ज्या घड्याळावरून उमटते तेच कोणी फिरवलं, तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

ही लबाडी पकडता येते. आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की त्यासाठी खरी वेळ किती हे सॉफ्टवेअरला माहीत असावंच लागत नाही.

कम्प्युटरमध्ये वेळ दोन तऱ्हांनी चालते. एक पडद्यावर दिसणारी तारीख-वेळ. ती भिंतीवरच्या घड्याळासारखी, हात पोचेल त्याने फिरवावी. दुसरा आतला काउंटर. मशीन सुरू झाल्यापासून किती काळ गेला एवढंच तो मोजतो. तारीख त्याला ठाऊक नसते आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याला मागे नेण्याची सोयही नसते. दोघं चालतात मात्र बरोबरीने, म्हणून त्यांच्यातलं अंतर कायम राहायला हवं.

आपल्या दुकानात ११:२० वाजता काउंटर ८,४०० सेकंदांवर होता. पुढच्या तपासणीला तो ८,४३० दाखवतो, म्हणजे अर्धा मिनिट गेला. घड्याळ मात्र ३१ मार्चच्या संध्याकाळचे ७:०५ सांगतंय. अर्ध्या मिनिटात सव्वासोळा तास मागे! विंडोज अशा वेळी चालू प्रोग्रामांना ‘वेळ बदलली’ असा निरोपही पाठवतं, पण किती बदलली आणि कोणी बदलली हे त्या निरोपात नसतं. हिशोब प्रोग्रामलाच करावा लागतो.

तुलना युटीसी वेळेवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर करायची, नाहीतर नुसता टाइम झोन बदलला तरी काही तासांची खोटी बोंब उठेल. लॅपटॉप झोपवला तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला एक काउंटर थांबतो आणि दुसरा चालू राहतो. इथे दुसराच घ्यायचा.

मग किती फरक माफ करायचा? इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. मशीन बंद असताना वेळ सांभाळतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक. तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत अचूक असतो. तापमान त्याहून वर गेलं काय किंवा खाली आलं काय, तो मंदावतोच. दिवसरात्र ४५ अंश राहिले तरी त्या उष्णतेपायी दिवसाला साधारण सव्वा सेकंद मागे पडेल. मे महिनाभर दुकान बंद ठेवलं तरी हा फरक मिनिटभरही होत नाही. त्यामुळे काही मिनिटांची मुभा दिली की उन्हाचा दोष कोणा माणसाच्या माथी बसत नाही.

प्रोग्राम बंद असताना काय? बंद होताना शेवटची वेळ लिहून ठेवायची. उघडताना घड्याळ त्याच्या मागे असेल तर गडबड आहे. मात्र तेव्हा कोणी घड्याळ पुढे ढकललं असेल तर ही युक्ती लंगडी पडते, कारण मशीन खरंच तितके दिवस बंद असू शकतं. तिथे बाहेरचा साक्षीदार लागतो. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते आणि ती इंटरनेटवरून देतेही.

उडी दिसली की लगेच बिलिंग बंद पाडणारी सॉफ्टवेअरं मला पटत नाहीत. जुनी वेळ, नवी वेळ आणि काउंटरचा आकडा नोंदवून ठेवावा, काम चालू द्यावं. विंडोजच्या सुरक्षा नोंदवहीत ४६१६ क्रमांकाची नोंद पाहिली, तर वेळ कोणत्या खात्यातून बदलली तेही कळतं. तिथे विंडोजच्या स्वतःच्या वेळ-सेवेचं खातं दिसत असेल, आणि रोज सकाळी मशीन जुन्याच सालात उघडून इंटरनेट लागताच ताळ्यावर येत असेल, तर कोणाला जाब विचारण्याआधी मदरबोर्डवरचा, मशीन बंद असताना घड्याळ चालवणारा सीआर २०३२ सेल बदलून पाहावा.