लांब पल्ल्याचं स्थानक आणि लोकलचं स्थानक: जागा निवडताना होणारा घोळ

एखाद्या शहराला उपनगरी रेल्वे मिळणार असं ठरलं, की स्थानक कुठे बांधायचं यावर खल सुरू होतो. थोड्याच वेळात कुणीतरी शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनीवर बोट ठेवतंच. भूसंपादनाची कटकट नाही, शेजारून महामार्ग जातो, पार्किंगला हवी तेवढी जागा. यातला एकही मुद्दा खोटा नाही, फक्त ते सगळे लांब पल्ल्याच्या गाडीच्या स्थानकाचे आहेत. तेच लोकलला लावले, की पुढे हजारो माणसं ती चूक रोज दोनदा पायी फेडत राहतात.

लांब पल्ल्याचं स्थानक सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बॅगा, सोडायला आलेली मंडळी, गाडीच्या आधी अर्धा तास पोहोचणं. त्यामुळे तिथे प्रशस्त आवार, प्रतीक्षालय, टॅक्सीसाठी जागा लागते. लोकलला फलाट, छप्पर, रुंद जिने आणि दाराशी बस एवढं पुरतं. हे फरक डोळ्यांना दिसतात म्हणून चर्चाही त्यांचीच होते, पण त्यांच्यापायी कुठलं स्थानक बुडाल्याचं ऐकिवात नाही.

बुडवतो तो वेळेचा हिशेब. आठ तासांच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला स्थानक वीस मिनिटं लांब पडलं, तर तो कुरकुर करेल पण जाईल, कारण वर्षातून चार-सहा वेळाच जायचं असतं. लोकलच्या प्रवाशाचा गाडीतला वेळच तीस-चाळीस मिनिटं असतो. त्याला एका बाजूला पंधरा मिनिटं जास्त चालायला लावलं, तर रोजचा अर्धा तास गेला. शिवाय वाहतूक नियोजनाच्या गणितात चालण्याचं किंवा ताटकळण्याचं एक मिनिट गाडीतल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट धरतात, कारण माणसाला ते तेवढं जड जातं. म्हणजे रूळ सुधारून, सिग्नल बदलून वाचवलेली पाच मिनिटं चुकीच्या जागेमुळे पहिल्या अडीच-तीन मिनिटांच्या चालीतच संपतात.

आणि ही चाल दोन टोकांना सारखी नसते. खरी मेख इथे आहे. घराकडच्या टोकाला माणसाकडे पर्याय असतात: सायकल, दुचाकी, बस, घरातलं कुणीतरी सोडणारं. कामाकडच्या टोकाला उतरल्यावर बहुतेकांकडे फक्त पाय उरतात, कारण सायकल सकाळच्या स्थानकावर उभी असते. नेदरलँड्ससारख्या सायकलवेड्या देशातसुद्धा हेच दिसतं. घरून स्थानकापर्यंत येणाऱ्यांत सायकलचा वाटा प्रचंड, उतरल्यानंतर तो एकदम घसरतो. युट्रेख्तच्या मुख्य स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, तरीही. म्हणून घराकडचं स्थानक थोडं इकडे-तिकडे झालं तरी निभावतं. कामाकडचं स्थानक कचेऱ्या, बाजार, महाविद्यालयं यांच्या मधोमधच हवं. तिथे तडजोड केली, की बाकीची सगळी स्थानकं कितीही नेमकी बांधा, गाडी रिकामी धावते.

जुन्या रेल्वे कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीनं 1930 मध्ये उपनगरी गाड्यांसाठी सिटी हॉलजवळ, ऐन व्यापारी भागात, जमिनीखाली वेगळं स्थानक उघडलं. लांब पल्ल्याचं भव्य स्थानक मात्र स्कूलकिल नदीपलीकडे, तिसाव्या रस्त्यावर नेलं. त्याच 1930 मध्ये मुंबईत कुलाबा टर्मिनस बंद झालं. लांब पल्ल्याच्या गाड्या मुंबई सेंट्रलला थांबू लागल्या आणि लोकल पुढे चर्चगेटपर्यंत जात राहिली. जपानमधल्या ओसाकात 1964 मध्ये शिंकान्सेन या वेगवान गाडीचं स्थानक योदो नदीच्या उत्तरेला बांधलं, उमेदा हा गजबजलेला मध्यवर्ती भाग दक्षिणेला राहिला, आणि शिंकान्सेनचं त्यानं काहीही बिघडलं नाही. ओसाकाचं उदाहरण देऊन ‘बघा, बाहेरचं स्थानकही चालतं’ म्हणणाऱ्यांनी त्याच शहरातल्या उपनगरी गाड्या कुठे येऊन थांबतात तेही पाहावं: उमेदासारख्या गजबजलेल्या भागातच. (लांब पल्ल्यालाही काही मर्यादा असतेच. फ्रान्सनं 1994 मध्ये आमियाँ आणि सँ-काँतँच्या मध्ये वेगवान गाडीसाठी बांधलेल्या स्थानकाला लोक ‘बीटचं स्थानक’ म्हणतात, कारण भोवती बीटची शेतं आहेत.)

‘आज बाहेर असलं तरी उद्या शहर तिकडे वाढेल’ हा युक्तिवाद तर मला ऐकवत नाही. वाढतं कधी कधी, पण कुठल्या टोकाला? याच ओसाकातल्या आजच्या हांक्यू कंपनीनं 1910 मध्ये रूळ टाकले तेव्हा वाटेत शेतंच होती. कंपनीनं स्वतः जमिनी घेतल्या, घरं बांधली, हप्त्यांनी विकली. शेतातली स्थानकं भरली, कारण ती घराकडची होती आणि गाडीचं दुसरं टोक पहिल्या दिवसापासून उमेदात होतं. घरं बांधणारा कुणी नाही आणि दुसरं टोकही माळावर, अशी योजना म्हणजे नुसती आशा.

पार्किंगचं एकदा मोजूनच टाकू. येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला साधारण पंचवीस-तीस चौरस मीटर लागतात. हजार मोटारी म्हणजे अडीच-तीन हेक्टर. त्यांतून उतरणारी हजार-बाराशे माणसं गर्दीच्या वेळच्या एका लांब लोकलमध्ये मावतात. म्हणजे स्थानकालगतची सगळ्यात मोलाची जमीन एका गाडीभर प्रवाशांसाठी गेली, आणि सकाळी आठला तळ भरला की नंतर येणाऱ्याला उपयोग शून्य. शेवटच्या एखाद्या विरळ वस्तीच्या स्थानकावर ठीक आहे. शहरात नको.

स्थानकापर्यंत चालत येता येईल असा भाग दाखवायला नकाशावर कंपासनं काढलेली वर्तुळंही मला खटकतात. 800 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दोन चौरस किलोमीटर बसतात खरे, पण एका बाजूला नदी किंवा महामार्ग असला, तर त्यातलं निम्मं हातचं गेलं. उरलेल्यात रस्ते वळसे घेत असतील, तर आणखी कमी. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींत स्थानकापासूनची मिनिटं छापताना 80 मीटरला एक मिनिट धरायचा नियम आहे, तोही रस्त्यानं मोजलेल्या अंतरावर. वर्तुळवाल्यांनी एवढं जरी उचललं तरी बरेच आराखडे बदलतील.

जागा खरंच हलवता येत नसेल, जुने रूळ जिथे आहेत तिथेच थांबावं लागणार असेल, तर निदान दारं नीट ठेवा. बारा डब्यांच्या गाडीचा फलाट अडीचशे मीटरच्या आसपास असतो. एकाच टोकाला जिना ठेवला, तर दुसऱ्या बाजूला राहणारा माणूस आधी उलटा चालतो आणि मग फलाटभर परत येतो. दोन्ही टोकांना जिने आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना उतरायची सोय केली, की स्थानक न हलवता कित्येकांची पाच-सहा मिनिटं वाचतात. आराखड्यात हे दुसरं दार बहुधा ‘पुढच्या टप्प्यात’ लिहिलेलं असतं. ते पहिल्या टप्प्यात घ्या, वाटल्यास दर्शनी कमान पुढे ढकला.