पाणघोडा डुकराचा नव्हे, देवमाशाचा भाऊबंद

पाणघोडा म्हणजे पाण्यात राहणारं डुक्कर, असं आजही सर्रास सांगितलं जातं. दाढांची ठेवण आणि पायांची चार बोटं पाहून शास्त्रज्ञांनीही त्याला कित्येक दशकं डुकरांच्या शेजारी बसवलं होतं. डीएनए वाचल्यावर हे नातं टिकलं नाही. पाणघोड्याचे हयात असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन.

याचा सर्वांत भक्कम पुरावा 1990 च्या दशकात जपानमधले शास्त्रज्ञ नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने दिला. डीएनएत काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून भलत्याच जागी जाऊन बसतात, आणि एकदा बसले की सहसा तिथून हलत नाहीत. पुढच्या पिढ्यांना ते तसेच मिळतात. पाणघोडा आणि देवमासा यांच्यात असे काही तुकडे नेमक्या त्याच जागी सापडले. डुक्कर आणि उंट यांच्यात त्या जागा मोकळ्या आहेत. अब्जावधी अक्षरांच्या मजकुरात तोच तुकडा त्याच ठिकाणी दोनदा स्वतंत्रपणे घुसणं जवळजवळ अशक्य. तो एकाच पूर्वजाकडून आला असं मानणंच सयुक्तिक आहे. पाकिस्तानात सापडलेल्या आणि 2001 मध्ये जगासमोर आलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचं हाडही समखुरी प्राण्यांसारखंच (म्हणजे गाय, डुक्कर, पाणघोडा अशा सम संख्येने खूर असलेल्या प्राण्यांसारखंच) निघालं.

आता उलटा गैरसमज नको: देवमासा पाणघोड्यापासून झालेला नाही. दोघांचा पूर्वज एक, आणि त्यांच्या वाटा 5 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.