कॅलेझियन

पापणीतील तेलग्रंथीचे तोंड बंद होऊन तयार होणारी, हळूहळू वाढणारी गाठ. तिला सर्रास रांजणवाडी म्हटले जाते. पण रांजणवाडी जंतुसंसर्गाने होते, एक-दोन दिवसांत लाल होऊन ठणकते आणि तिला पू धरतो. कॅलेझियन सहसा दुखत नाही. पापणीवरून बोट फिरवले की कातडीखाली वाटाण्याएवढा टणक गोळा लागतो आणि वरची कातडी त्यावरून सहज सरकते.

वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० मायबोमियन ग्रंथी असतात. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते, म्हणून डोळा लवकर कोरडा पडत नाही. हे तेल घट्ट झाले की तोंड बुजते, ग्रंथी फुगून फुटते आणि आजूबाजूला झिरपलेल्या तेलाभोवती शरीर दाहपेशींचा वेढा घालते. तीच ही गाठ. पापण्यांच्या कडांना वारंवार सूज येणाऱ्यांना आणि रोझेशिया हा त्वचाविकार असणाऱ्यांना ती पुनःपुन्हा होते. मोठी गाठ बुबुळावर दाबली गेल्यास नजर तात्पुरती अंधूक होते.

मुख्य उपचार म्हणजे शेक. कोमट, सोसवेल इतक्या गरम ओल्या कापडाने दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे शेकावे. कापड दोन-तीन मिनिटांत निवते, ते पुन्हा गरम करून घ्यावे लागते. बहुतेकांचा शेक इथेच कमी पडतो. नंतर बोटाने पापणीच्या कडेकडे हलकेच चोळावे. गाठ विरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. ती फोडू किंवा पिळू नये. संसर्ग नसताना प्रतिजैविक थेंबांनी ती विरत नाही.

न विरल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. सावळ्या त्वचेवर त्याने फिकट डाग पडू शकतो. शस्त्रक्रियेत पापणी बधिर करून उलटवतात, आतून उभी चीर देऊन गाठ खरवडून काढतात. चीर उभी, कारण आडवी दिल्यास शेजारच्या ग्रंथी कापल्या जातात.

ताप, पसरती लाली, डोळा फिरवताना वेदना किंवा नजर कमी होणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उतारवयात त्याच जागी पुन्हा उठणारी किंवा पापणीचे केस गळवणारी गाठ तेलग्रंथीचा कर्करोग असू शकते. तो हुबेहूब कॅलेझियनसारखा दिसतो, त्यामुळे अशा गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे अत्यावश्यक आहे.